गवत आधी, पक्षी मग

मंजू, जरा जवळ सरक बाई. व्हिडिओ कॉलवर तुझं नुसतं कपाळ दिसतं आणि मागे कुकरच्या शिट्ट्या, त्याला काय बोलणं म्हणायचं? म्हणून या वेळी लिहितेय. हे वाचताना तरी भाजी ढवळायला मधेच उठू नकोस. कॉर्कहून लिस्बनला जाऊन आलीस, फोटो बघितले, टोपी शोभत होती हो तुला. पण आयर्लंडातल्या आयर्लंडात, नावनला मावशीकडे यायचं म्हटलं की तुला प्रवास लांब पडतो. असो. मी रागावलेली नाही. थोडी रागावलेय.

मागे तू विचारलंस, "मावशी, तू दिवसभर करतेस तरी काय गं तिकडे?" तेव्हा पूजा, टीव्ही असं काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मी मंगळवारची वाट बघते. आणि हे मंगळवार मला ज्यांनी दिले त्या माणसाबद्दल तुला आजवर धड काही सांगितलंच नाही. त्यांचं नाव लिहीत नाही. चित्राखाली मोठी सही ठोकणाऱ्याला ते "दुकानदार" म्हणायचे, तेव्हा नाव लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. मी त्यांना मास्तर म्हणायची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मॉरीन म्हणून आमच्या वर्गात एक शेतकरीण आहे, ती म्हणाली, अगं, आमच्या आयरिश भाषेतही मास्तरला जवळजवळ असंच म्हणतात! झालं, मग सगळा वर्गच त्यांना मास्तर म्हणायला लागला.

मी त्या वर्गात गेले कशी ते आधी ऐक. तुझे काका गेल्यावर प्रसादने मला इकडे आणलं. घर गरम, लेक-सून जीव लावणारी, तक्रारीला जागा नाही. पण मी खिडकीशी बसायची ती बसूनच राहायची. माझं बोलणंच आटलं होतं. माझं, म्हणजे बघ! वृषालीने महिनाभर पाहिलं आणि मला न विचारता चर्चच्या पॅरिश हॉलमधल्या चित्रांच्या वर्गात माझं नाव घातलं. "आई, रांगोळी काढता ना, तेच कागदावर."

म्हटलं, "या वयात मला ड्रॉइंगच्या तासाला बसवतेस?"

"बसा. मेल्यावर जमायचं नाही."

अशी माझी सून.

हॉल म्हणजे काय, एक हीटर, एक किटली, घडीच्या खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर भलंमोठं छापील चित्र. अमेरिकेत पूर्वी गाड्यांचे तांडे पश्चिमेकडे निघाले, त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या कुणा चित्रकाराने काढलेलं. कमरेएवढं गवत, नजर संपेल तिथपर्यंत. वर आभाळच आभाळ. दोन शिकारी, एकाने लाल सदरा घातलाय, त्याच्या बंदुकीच्या तोंडाशी धुराचा गोळा. पुढे एक पाय उचलून उभा राहिलेला कुत्रा. आणि गवतातून भर्रकन उठलेला पक्ष्यांचा थवा. त्यातला एक पंख मोडून खाली येतोय.

मी ते चित्र बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, हा तर आमचा माळ!"

माझं माहेर करमाळ्याकडचं, तुला माहीत आहे. श्रावणानंतर असंच गवत, असंच आभाळ, आणि पाय पडेपर्यंत न उठणारे तित्तिर. पाय पडला की असा भर्रर्र आवाज, काळजाचा ठोका चुकतो. मराठीतच बोलले मी, पण मास्तर वळले. वळले म्हणजे कसे, मान एका बाजूला, कोंबडी दाणा बघते तशी. म्हणाले, "मिसेस, काय म्हणालात ते मला कळलं नाही, पण ज्या आवाजात म्हणालात तो कळला. इथे पुढे बसा." आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तुमच्याकडे वाकडं बघतो, राग मानू नका. सरळ बघितलं की तुम्ही नाहीसे होता."

डोळ्यांच्या मधलं दिसेनासं झालं होतं त्यांना. कडेकडेचं तेवढं राहिलं होतं, आणि तेही जाणार म्हणून डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. हे ते लपवत नसत, उलट चेष्टा करत. चेष्टा करत नसत ती एकाच गोष्टीची. हॉलच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा एक प्लायवुडचा बोर्ड होता, दाराएवढा रुंद. त्यावर त्यांनी तेच शिकारीचं चित्र काढलं होतं. गवत होतं, कुत्रा होता, लाल सदरा होता. आभाळात पक्षी मात्र एकही नाही. डोळे पुरते जायच्या आत ते पक्षी काढायचे, एवढंच त्यांना या जगाकडून हवं होतं.

"मग डोळे चांगले होते तेव्हा का नाही काढले?" मी विचारलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, पण एवढं जमतं.

ते भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून म्हणाले, "तो चित्रकार स्वतः शिकारी होता. यातला कुठला पाडायचा हे त्याला ठाऊक होतं. मला ठरवता येत नाही. ठरवू ठरवू म्हणत इतका वेळ गेला."

वर्गात मात्र ठरवण्याबिरवण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे हुकूमशाही. सगळ्यांनी वर्षभर हेच चित्र काढायचं, आणि त्यातलं आधी गवत. नुसतं गवत. "ग्रास फर्स्ट!" ज्याला पक्षी लपेल असं गवत काढता येत नाही, त्याला पक्षी मागायचा हक्क नाही, हे त्यांचं ब्रीद. हिवाळा सरला, डॅफोडिल्स येऊन गेली, आम्ही आपले गवतातच. कुणी सूर्यास्त शिकायला आलेलं, कुणी नातवाचा चेहरा. कंटाळून एकेक जण गळाला. मॉरीन टिकली, पण तोंड बंद ठेवून नव्हे. एकदा ब्रश खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, आता हे कापून गुरांसाठी याचा मुरघास घालायचा का?"

"घाल. पण आधी ते उगवू दे. तुझं अजून हिरव्या सुया टोचल्यासारखं दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय?"

"दिसत नाही, पण तुझा ब्रश ऐकू येतो."

आणि खरंच, ते ऐकून शिकवायचे. आपण काय काढलंय ते मोठ्याने सांगायचं. मी सांगायची, अर्धं इंग्रजी, अर्धं हातवारे. माझं गवत मी रांगोळीसारखं, बुडाशी ठिपका ठेवून वर ओढायची. त्यांनी विचारलं, हे असं का? म्हटलं, ठिपक्यावाचून माझा हातच उचलत नाही. तर म्हणाले, "ग्रँड. गवताला मूळ असतंच." माझ्याकडे माळाच्या रंगांची चौकशी करायचे. भाद्रपदात कसा, दिवाळीत कसा, वाळल्यावर कसा. मी बोलायची. बघ हं, जी बाई घरात चार वाक्यं बोलत नव्हती, ती परक्या भाषेत कुसळी गवत कसं साडीला चिकटतं ते सांगत होती.

त्यांचा अवतार काय सांगू! कोटाचं बटण तुटलेलं, म्हणून कमरेला सुतळी. ब्रश वरच्या खिशात, केस वर करून, त्यामुळे हनुवटीला कायम एखादा रंग. चहा जॅमच्या बाटलीत, आणि ब्रश धुवायचं पाणीही जॅमच्या बाटलीत, तेव्हा कुठली कधी ओठाला लागेल याचा भरवसा नाही. चुकीची लागली की शांतपणे म्हणायचे, "आज चहा जरा निळा आहे." माझ्या चिवड्याला ते "पिवळं सामान" म्हणत आणि मूठ भरून खात. इकडे एकटा मॅगपाय, हा कावळ्याच्या जातीचा काळापांढरा पक्षी, दिसला तर अपशकुन टळावा म्हणून त्याला सलाम करायची पद्धत आहे, आपल्याकडे मांजर आडवं गेलं की थांबतात तसं. मास्तरांना मॅगपाय आहे का नाही ते दिसायचं नाही, म्हणून जे जे काळं दिसेल त्याला सलाम. कुंपणात अडकलेल्या काळ्या पिशवीला, पाऊस आला म्हणून लगबगीने चाललेल्या फादरना सुद्धा. फादर बिचारे रोज उलट सलाम करायचे.

शिकारीच्या चित्रावर एवढी माया, म्हणून मला वाटलं यांनी तरुणपणी बंदूक चालवली असणार. छे! इकडे नोव्हेंबरात शेतांमधून फेझंट मारतात, लांब शेपटीचा झगमगीत पक्षी, आपल्या रानकोंबड्याचा श्रीमंत भाऊ. एकदा वर्ग सुटल्यावर आम्ही दोघं बसस्टॉपकडे चाललो होतो. शेतात बंदुका वाजत होत्या, आणि एक फेझंट कुंपणातून निघून रस्त्याच्या मधोमध, नवरदेवासारखा, पाय मोजत चालला होता. मी म्हटलं, "मास्तर, बर्ड!" ते सरळ रस्त्यात जाऊन हात वर करून उभे राहिले, ट्रॅफिक पोलिसासारखे. एक ट्रॅक्टर थांबला, मागे तीन-चार गाड्या. इकडे कुणी हॉर्न वाजवत नाही हे एक बरं. ट्रॅक्टरवाल्याने काच खाली केली.

"काय झालं, मास्तर?"

"एक गृहस्थ रस्ता ओलांडतायत."

"ओलांडून झाला की सांगा."

"ते तुम्हीच सांगा. मला कुठे दिसतंय?"

पक्षी पार झाल्यावर मास्तरांनी टोपी उचलली, ट्रॅक्टरवाल्याने बोट उचललं, आणि रहदारी सुरू. आता तू म्हणशील, संत माणूस. थांब. पुढच्याच आठवड्यात मॉरीनने फेझंटची ‘पाय’, म्हणजे मांस भरून भाजलेली कणकेची पारी, आणली तर यांनी दोनदा वाढून घेतली. मी डोळे मोठे केले. म्हणाले, "मिसेस, मारायचं मला ठरवता येत नाही. खायचं ठरवायला काय लागतं?"

असं आमचं चाललेलं असताना उन्हाळ्यात त्यांची नजर एकदम उतरली. वाकडं बघूनही भागेना. बोर्डासमोर ब्रश घेऊन उभे राहायचे, हात आभाळापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. एक दिवस मॉरीन किटलीपाशी मला हळूच म्हणाली, "यांची बायको यांच्याच शाळेत लहान मुलांना शिकवायची. ती गेली त्या वर्षी यांनी हा बोर्ड हॉलमध्ये आणून ठेवला. तिच्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. आता हा बोर्डही असाच राहणार बघ." आणि ती भांडखोर बाई टेबल पुसत पुसत रडली.

मी घरी आले. रात्रीची भाकरी थापताना परातीत सांडलेल्या पिठावर बोट फिरलं आणि मनात आलं, दिसत नाही तर न दिसो, हाताला तर लागेल! तांदळाची पिठी ओली करून काढलेली रेघ वाळली की किती उठून येते, आठवतं ना तुला उंबऱ्यावरचं? तिच्यात मी डिंक घातला, लाडवांसाठी आणलेला, म्हणजे झडायची नाही. प्लास्टिकच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन वळला. प्रसादने बोर्ड गाडीत घालून घरी आणला आणि मी आठवडाभर जेवणाच्या टेबलावर तित्तिर काढत बसले. भिंतीवरच्या चित्राचा फोटो वृषालीने मोठा करून दिला होता, तो समोर ठेवून एकेक पक्षी, चोच, पंख, शेपूट. तिघंही जण उभ्याने जेवलो.

मंगळवारी बोर्ड परत हॉलमध्ये. मास्तरांचा हात धरून मी त्यांचा अंगठा पहिल्या रेघेवर ठेवला. अंगठा हळूहळू चोचीवरून मानेवर, मानेवरून पंखावर. मग पुढचा पक्षी. मग पुढचा. ओठ हलत होते, जप केल्यासारखे. चित्र त्यांना पाठ होतं, कुठल्या जागी कोण ते सगळं. खाली पडणाऱ्या पक्ष्यापर्यंत अंगठा आला, तिथून जरा सरकला, आणि थबकला.

"मिसेस, हा कोण?"

मी वाकून बघितलं. पडणाऱ्या पक्ष्याच्या समोर मी आणखी एक पक्षी काढला होता, जो चित्रात नाहीच! काय झालं होतं सांगू? आपण पाटाभोवती मोर काढतो, चौकटीवर राघू काढतो, ते नेहमी जोडीने, समोरासमोर. लहानपणी मी एकटा राघू काढला की आई हात धरायची, "एकटा नको गं ठेवू, जोडी पुरी कर." आता तो पडणारा पक्षी थव्यापासून लांब, एकटा. हात आपोआप गेला असणार. मला कळलंसुद्धा नाही.

मॉरीन चष्मा चढवून पुढे आली. "हा वाट चुकलाय. सगळे पळतायत आणि हा शहाणा बंदुकीकडे चाललाय! आपल्या मीद परगण्यातला कुठलाही पक्षी असं करणार नाही."

"हे मीद नाही," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, "सॉरी, सॉरी मास्तर, थांबा, ओलं करून खरवडून काढते." चमचा शोधायला वळले तर त्यांनी त्या पक्ष्यावर पंजा ठेवला, पूर्ण झाकून.

"तो परत का चाललाय?"

घाईत मला इंग्रजी सुचेना. मराठीतच म्हणाले, "एक खाली पडलाय ना. त्याला टाकून कसा जाईल?" आणि एक हात खाली, एक हात त्याच्याकडे वळवून दाखवला. दिसलं नसणार त्यांना. पण मॉरीनला दिसलं. ती आवाज खाली आणून म्हणाली, "मास्तर, ती म्हणतेय, त्याची जोडीदारीण खाली आहे."

किटली उकळून आपली आपण बंद झाली. कुणी उठलं नाही. मग मास्तर म्हणाले, "ती दारापर्यंत जाऊन परत यायची. हातमोजे विसरायची. कायम. मी गाडीत ओरडायचो." आणि जरा वेळाने, "मला तपकिरी द्या. थोडा पांढरा. याचाच रंग आधी."

डाव्या हाताचा अंगठा रेघेवर आणि उजव्या हातात ब्रश, असं त्यांनी त्या परतणाऱ्या पक्ष्याला रंगवलं. मी रंग सांगायची, मॉरीन बाटली पुढे करायची. कुणाला पाडायचं हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. नंतर एकेक करत सगळा थवा झाला, पानं गळेपर्यंत. शेवटचे शेवटचे चांगलेच रेघेबाहेर गेले, फुगले. मॉरीन म्हणाली, "मास्तर, या कोंबड्या झाल्या." तर छाती काढून म्हणाले, "त्या माळावर त्यांना प्रेअरी चिकनच म्हणतात, बाई. अगदी बरोबर आल्यात."

त्या पहिल्या पक्ष्याच्या दिवशी मी घरी आले ती वृषालीला तुझ्या काकांच्या गोष्टी सांगत सुटले. लग्नात पुण्याहून बँडवाले आणले आणि स्वतःच त्यांना वाट दाखवायला एसटी स्टँडवर जाऊन बसले, मुहूर्त टळायची वेळ आली तरी, ती गोष्ट. वृषाली हसून हसून ओट्याला टेकली. काका गेल्यापासून त्या घरात त्यांचं नाव हसत घेतलं गेलं ते तेव्हा पहिल्यांदा. हे मास्तरांचं देणं आहे, आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. इंग्रजीत कसं सांगायचं ते जुळवत राहिले, आणि ते राहिलंच.

यंदा फेब्रुवारीत ते गेले. झोपेत. इकडे गेलेला माणूस घरातच ठेवतात आणि गावचं गाव येऊन चहा-सँडविच खात त्याच्याजवळ बसतं. मी दाराशीच घुटमळले, आपल्याकडे नसतं ना असं. मॉरीनने दंडाला धरून आत नेलं. सुतळीऐवजी चांगला सूट होता, ओळखूच येईनात. हनुवटीवर मात्र, अगदी खाली, तपकिरी रंगाचा ठिपका राहून गेला होता. धुणाऱ्याने सोडला का निघाला नाही, देव जाणे. मी नमस्कार केला आणि जे जुळवत होते ते मराठीतच त्यांना सांगून टाकलं, सगळ्यांच्या देखत. शेजारी बसलेला तो ट्रॅक्टरवाला म्हणाला, "वेल सेड, मिसेस."

बोर्ड आता हॉलमध्ये लावलाय. त्यांच्या इच्छेप्रमाणे खाली, लहान मुलाचा हात पोचेल इतका, आणि "हात लावा" असं खाली लिहून. लोक लावतात. लग्नाला आलेले, मयताला आलेले, बिंगोला आलेल्या म्हाताऱ्या. सगळ्यांचा अंगठा फिरत फिरत त्याच एका पक्ष्यापाशी येतो, आणि आता त्याच्या पंखावरचा तपकिरी रंग झिजून आतली पांढरी पिठी दिसायला लागलीय. हॉलच्या कमिटीचं म्हणणं, काच बसवू. मी म्हटलं, काच बसवायची नाही. बसवलीत तर मी येऊन काढून ठेवीन. मॉरीन म्हणाली, आणि मी शिडी धरीन. तर आता असं ठरलंय की मंगळवारचा वर्ग आम्ही दोघींनी चालवायचा आणि रंग पुन्हा द्यायचा का नाही ते मी सांगायचं. मी अजून सांगितलेलं नाही. दर आठवड्याला तो पक्षी जरा जास्त पांढरा होतोय, आणि मला तो तसा आवडायला लागलाय.

पण तू एकदा बघून सांग. तुझा हात माझ्यापेक्षा नाजूक आहे, लहानपणापासून. मंगळवार धरून ये, पुढचाच धर. सुट्टी देत नसतील तर खोकला झालाय म्हण, मावशीला झालाय असं म्हण, काहीही म्हण. बसस्टॉपवर प्रसाद येईल न्यायला. स्वेटर आण, हॉलचा हीटर नुसता आवाज करतो. ये गं बाई लवकर.